गळलेल्या मोहराचे मोल

माघात आंबा मोहरला, की वाऱ्याच्या एका झुळकीसरशी अंगणात मोहराचा सडा पडतो आणि "एवढा मोहर फुकट गेला!" असे आपण सहज बोलून जातो. मोहराचे मोल फळावरून ठरविण्याची आपल्याला सवयच जडली आहे.

गंधकारांचा हिशेब मात्र निराळा असतो. ट्युनिशियात भूमध्य समुद्राकाठी नाबुल नावाचे गाव आहे. वसंतात तेथील कडू नारिंगाची झाडे पांढऱ्याशुभ्र फुलांनी डवरतात. झाडांखाली कापड अंथरून ती फुले खुडतात आणि वाफेच्या साहाय्याने त्यांचे तेल काढतात. त्यालाच 'नेरोली' म्हणतात. सुमारे १,००० किलो फुलांतून मिळते जेमतेम १ किलो तेल! मागे उरलेले सुगंधी पाणीही टाकून देत नाहीत; ते मिठाईत घालतात. त्याच झाडाच्या पानांचा व डहाळ्यांचा गंध वेगळा आणि सालीचा त्याहून वेगळा. अठराव्या शतकापासून ख्यातनाम असलेल्या 'ओ द कोलोन'मध्ये हे गंध एकत्र नांदतात. सफरचंदाचे फूल मात्र असे तेल देत नाही. आधुनिक गंधकार त्या फुलाभोवतीच्या हवेतील द्रव्ये ओळखून तसा गंध प्रयोगशाळेत जुळवितात.

हे वाचताना मला माझी थोरली बहीण आठवली. धाकट्यांना सांभाळायला घरात कोणी नव्हते, म्हणून चौथीनंतर तिची शाळा सुटली. "पोर हुशार, पण शिक्षण फुकट गेले," असे शेजारीपाजारी म्हणत. परंतु चार इयत्तांच्या त्याच शिदोरीवर ती रोज सांजवेळी आम्हांला मराठी पुस्तके वाचून दाखवी आणि अडलेला शब्द आमच्या कोकणीत उलगडून सांगे. आज मी वर्गात मराठी शिकवितो, त्याचा पाया तिने घातला. तिला पुढे शिकायला मिळायला हवे होते, ही टोचणी माझ्या मनातून जात नाही. पण तिचे शिकणे फुकट गेले, असे मी कोणालाही म्हणू देत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, नारिंगाच्या झाडाला येणाऱ्या फुलांपैकी फारच थोडी फळ धरतात. परीक्षेचा निकाल हे एक फळ आहे. ते गोड असावे, यासाठी झटा. परंतु वर्षभर जे वाचले, जे मनापासून आवडले आणि तरीही गुणपत्रिकेत कोठेच उतरले नाही, त्याला वाया गेलेले समजू नका. ते जपून ठेवा आणि घरातल्या धाकट्यांना वाचून दाखवा.