कोणत्या अंगाची खिडकी

घुमानला २०१५ च्या एप्रिलमध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आम्ही एकटेच रेल्वेने जाऊन आलो. वडिलांना नेले नाही, ही बोच मागे राहिली. त्यांचा जन्म नरसीचा, धंदा शिंप्याचा. नामदेव त्यांच्या लेखी संतकवी नव्हेत, घरातले वडीलधारे. (नामदेवांचे जन्मस्थान हेच की दुसरे कोठले, हा वाद आम्ही वर्गात शिकवतो, घरी काढत नाही.) गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत असे सांगितले, तर त्यांनी शिवणयंत्रावरून मान न उचलता विचारले, ‘‘मंग तिकडं कवा न्यायला?’’

२०२४ साली नांदेडहून हिंडनमार्गे आदमपूरपर्यंत विमानसेवा सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात आम्ही दोन तिकिटे काढली. खिडकी अर्थात वडिलांची. परंतु कोणत्या अंगाची?

आम्ही नकाशा काढून त्यावर पट्टी ठेवली. नांदेड ते हिंडन रेघ जवळजवळ नीट उत्तरेला जाते. नरसी, कयाधूचे खोरे, औंढा, सिद्धेश्वर धरण हे सारे त्या रेघेच्या पश्चिमेस, म्हणजे जाताना डाव्या हाताला. उजवीकडे इसापूरचे पाणी आणि पुढे पंजाबात शिरल्यावर, हवा निवळ असेल तर, धौलाधारच्या बर्फाची कड. एका खिडकीत दोन्ही मावणार नव्हते. जन्मभर पाहिलेले गाव वरून काय पाहायचे, अशा विचाराने आम्ही उजवी बाजू घेतली. वडिलांना विचारले नाही. नरसीचे घर विकल्यापासून ते गावाकडे फिरकले नव्हते, एवढे तरी आमच्या ध्यानात यायला हवे होते.

विमान वर चढले तसे त्यांनी विचारले, ‘‘आपलं गाव कोन्या अंगाला?’’ आम्ही डावीकडे बोट केले. मधली वाट, तिच्यापलीकडे दोन अनोळखी माणसे, आणि खिडकीवर ओढलेला पडदा. इसापूरचे पाणी दाखवले, ते त्यांनी पाहिल्यासारखे केले आणि मान पुन्हा पलीकडे वळवली. खरे तर तेवढ्या अंतरावरून गाव ओळखू आलेच नसते. फार तर सिद्धेश्वरच्या पाण्याची चकाकी दिसली असती. हे आम्ही त्यांना समजावूनही सांगितले. सांगितले नसते तर बरे झाले असते.

पंजाबावर धुके होते. धौलाधार दिसली नाही.

घुमानविषयी येथे लिहीत नाही. वडील तिथे दोन तास भिंतीला पाठ लावून बसले होते, आणि त्यातले आमच्या वाट्याला आलेले फारच थोडे.

परतीच्या तिकिटांत चूक सुधारायची म्हणून आम्ही अट्टाहासाने डावीकडची खिडकी घेतली. दक्षिणेकडे तोंड केले की पश्चिम उजव्या हाताला येते, हे तिसरीतल्या मुलाला कळते. वीस वर्षे साहित्य शिकवणाऱ्या आम्हांला ते कळले खाली पुन्हा इसापूर दिसले तेव्हा.

औंढ्याची कथा वाचकांना सांगायला नको. नामदेवांना कीर्तनासाठी समोर उभे राहू दिले नाही, मागच्या अंगाला घालवले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. नंदी राहिला मागे. लोक आजही तो पुरावा म्हणून दाखवतात. लहानपणी वडिलांनीच आम्हांला तिथे नेऊन हे दाखवले होते. मागच्या अंगाला घालवणारे कोण होते, हे मात्र आम्ही तेव्हा विचारले नव्हते.

आम्ही चूक कबूल केली. वडील म्हणाले, ‘‘असू दे. देऊळ फिरलं व्हतं. इमान थोडंच फिरतंय?’’

यावेळी पलीकडचा पडदा उघडा होता. नांदेड येईपर्यंत ते त्या प्रवाशाच्या खांद्यावरून पाहत राहिले.