मढची वाट आणि मोटारसायकलचे टायर

मुंबईच्या उपनगरांत जन्म काढूनहि ज्यांनीं मढ पाहिलें नाहीं असे पुष्कळ लोक आढळतात. पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस मालाडची खाडी यांच्यामध्यें सांपडलेली ही जमिनीची चिंचोळी पट्टी नकाशावर मुंबईंतच मोडते. पण तेथें पोंचल्यावर आपण कोंकणांतील एखाद्या बंदरगांवीं आलों आहों असा भास होतो. माडांच्या राया, कोळ्यांच्या होड्या आणि बांबूच्या वलांडींवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा हें येथील नित्याचें दृश्य. वेसाव्याच्या धक्क्यावरून मढ खाडीपलीकडे हांकेच्या अंतरावर दिसतें आणि फेरीबोटीनें कांहीं मिनिटांत गांठतां येतें. तोच प्रवास जमिनीवरून करावयाचा तर अंधेरी, मालाड, मालवणी असा वीस किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो. तो वांचविण्यासाठीं पूल बांधण्याची योजना महानगरपालिकेनें हातीं घेतली आहे. पूल होईल तेव्हां होवो. आज ही वळशाची वाट एका निराळ्याच कारणासाठीं वाचकांस दाखवावी असा आमचा विचार आहे. तें कारण म्हणजे मोटारसायकलचे टायर.

विषय ऐकून कांहीं वडीलधारी मंडळी हंसतील. परंतु हल्लीं एकत्र कुटुंबांतहि एखादा तरुण असा निघतोच, कीं ज्याला लडाखच्या खिंडी आणि सह्याद्रीच्या घाटवाटा खुणावीत असतात. रॉयल एनफील्डची ‘हिमालयन’ २०१६ सालीं आणि हीरोची ‘एक्सपल्स २००’ २०१९ सालीं बाजारांत आल्यापासून डांबरी सडक व कच्चा रस्ता या दोहोंवर चालणाऱ्या गाड्या मध्यम वर्गाच्या आटोक्यांत आल्या. गाडी आली कीं कांहीं काळानें टायर बदलण्याचा प्रश्न येतो, आणि मग घरांत मागणी होते ती मोठमोठ्या रबरी ठोकळ्यांच्या टायरची. गॅरेजवाले त्यांस ‘बटन टायर’ म्हणतात. पैसे देणाऱ्या वडिलांस किंमत कळते, घेणाऱ्या मुलास रूप कळतें. पण धांवत्या गाडीचे दोन टायर मिळून जमिनीला जेवढे टेंकतात ती जागा आपल्या दोन तळहातांहून फारशी मोठी नसते, आणि घरच्या मुलाचा जीव तेवढ्याच जागेवर तोललेला असतो, ही गोष्ट दोघांच्याहि ध्यानांत क्वचित येते.

गेल्या ऑक्टोबरांत, परतीचा पाऊस अजून रेंगाळत असतां, आम्ही पुतण्या व भाचा यांजबरोबर मालाडहून मढला गेलों. दोघांच्या गाड्या एकाच जातीच्या. पुतण्याच्या गाडीला मूळचेच मध्यम खांचांचे टायर होते. भाच्यानें नुकतेच बटन टायर बसविले होते. आम्ही पुतण्याच्या मागें बसलों. मालाड स्टेशनापासून मढच्या धक्क्यापर्यंत वाट सुमारें तेरा किलोमीटर. पण तेवढ्यांत जितक्या प्रकारची जमीन चाकाखालीं येते तितकी पुष्कळदां शंभर किलोमीटरांतहि येत नाहीं.

पहिला टप्पा मार्वे रोडचा. टणक, सपाट रस्ता आणि रिक्षा व बसगाड्या यांची दाटी. भाच्याच्या टायरांचा घों घों आवाज एवढ्या गर्दींतहि ऐकूं येत होता. मालवणीच्या अलीकडे पावसाची सर आली आणि त्याच वेळीं एक रिक्षा अचानक आडवी वळली. दोघांनींहि ब्रेक दाबले. पुतण्याची गाडी वेळेवर थांबली. भाच्याची गाडी रस्त्यावर रंगविलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून सरकत चार हात पुढें गेली. कोणास कांहीं झालें नाहीं; पण तेवढ्यानें आमच्या छातींत धस्स झालें.

“मामा, ब्रेक जरा ढिले झालेत वाटतं,” भाचा म्हणाला.

ब्रेक उत्तम होते. कारण निराळें होतें. टणक रस्त्यावर गाडीला धरून ठेवतें तें रबर. आणि बटन टायरांत ठोकळ्यांमधील जागा मोकळी असल्यानें रस्त्याला प्रत्यक्ष टेंकणारें रबर कमी असतें. शिवाय उंच ठोकळा ब्रेक लागतांच किंवा वळणावर किंचित् लवतो, त्यामुळें गाडी पायाखालीं डळमळल्यासारखी वाटते. लवण्यानें तो तापतो, आणि तापल्यानें लवकर झिजतो. मध्यम टायरांत रबराचा भाग अधिक आणि खांचा अरुंद असतात; त्या खांचांवाटे पाणी बाजूस सारलें जातें व रबर रस्त्याला भिडतें. चार हातांचा फरक तो याचाच.

मार्व्याजवळ नौदलाचें ‘हमला’ ठाणें आहे. तें मागें टाकून अक्साच्या बाजूस वळलें कीं गर्दी ओसरते आणि समुद्राचा वारा लागतो. त्या वाऱ्यानें आणलेली वाळू ठिकठिकाणीं रस्त्यावर पातळ पसरलेली असते. येथें दोघांचीहि परीक्षा सारखीच झाली. टणक रस्त्यावरील वाळूचे कण चाकाखालीं मोहरीच्या दाण्यांसारखे घरंगळतात. त्यांवर ना ठोकळे उपयोगी, ना खांचा. वेग आधींच कमी करणें, गाडी सरळ ठेवणें आणि वाळूवर असतां पुढचा ब्रेक न आंवळणें एवढाच उपाय. जें काम चालविणाऱ्याच्या डोक्याचें आहे तें टायरावर सोंपवितां येत नाहीं, हा धडा तेथें फुकट मिळतो.

पुढें एरंगळ. येथें समुद्राकांठीं पोर्तुगीज अमदानींतलें, सोळाव्या शतकांतलें सेंट बोनाव्हेंचरचें देऊळ आहे, आणि जानेवारीच्या दुसऱ्या रविवारीं तेथें मोठी जत्रा भरते. त्या बाजूस जाणाऱ्या एका कच्च्या गल्लींत पावसानें चिखल माजला होता, आणि भाच्याचा दिवस उजाडला तो तेथें. त्याचे ठोकळे चिखलांत रुतत, खालची घट्ट माती धरीत, आणि चाक फिरतांच मधल्या रुंद जागेंतील चिखल दूर फेंकला जाई. पुतण्याच्या अरुंद खांचा मात्र दहा पावलांतच लिंपून गेल्या. टायर गुळगुळीत रुळासारखा झाला आणि मागचें चाक जागच्या जागीं फिरूं लागलें. आम्हांस उतरून गाडीला हात लावावा लागला. बटन टायरांची निंदा करणाऱ्यांनीं ही गल्ली अवश्य पाहावी. ज्याची नित्याची वाट अशी आहे, त्यास तेच टायर योग्य होत.

किनारा दिसतांच भाच्यास वाळूंत गाडी घालण्याचा मोह झाला. आम्हीं त्यास थांबविलें. किनाऱ्यावर वाहनें नेण्यास ठिकठिकाणीं मनाई आहे हें एक कारण झालेंच. पण आम्हांस दुसरें अधिक मोलाचें वाटतें. २०१८ सालच्या मार्च महिन्यांत, खाडीपलीकडील वेसाव्याच्या वाळूंतून ऑलिव्ह रिडले कासवांचीं पिलें निघून समुद्राकडे गेलीं. अनेक महिने खपून तो किनारा लोकांनीं स्वच्छ केला होता, त्यानंतरची ही गोष्ट. अंडीं वाळूखालीं दडलेलीं असतात. वरून चाक गेलें तर वाळू दबते, आणि चाकोरी खोल पडली तर तळहाताएवढेंहि नसलेलें पिलूं तींतून वर चढूं शकत नाहीं. आम्ही हें सांगत होतों तोंच वरच्या बाजूस जाळें अंथरून जवळा पसरणारी एक कोळीण उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, गाडी इकडं नको आणूंस. सगळं वाळवण हाय आमचं.” भाच्यानें मुकाट्यानें गाडी वळविली. जेथें रस्ता नाहीं ती जागा कोणाचीच नाहीं असें आपण शहरांतले लोक सहज धरून चालतों. वस्तुतः तें कोणाचें तरी अंगण, कोणाचें तरी खळें असतें. ज्या टायरच्या बळावर तेथें जातां येतें, त्या टायराबरोबर ही जाणहि घरांतून मिळावयास हवी.

मढच्या टोंकास जुना किल्ला आहे. पोर्तुगीजांनीं बांधलेला हा वेसाव्याचा किल्ला १७३९ सालीं, चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेंत मराठ्यांच्या हातीं आला आणि १७७४ सालीं इंग्रजांकडे गेला. आतां तो हवाई दलाच्या ताब्यांत असल्यानें आंत परवानगीवांचून जातां येत नाहीं. बाहेरून तट पाहून आम्ही धक्क्यावर आलों. भरतीच्या पाण्यानें भिजणाऱ्या उतारावर हिरवें शेवाळें धरलें होतें. फेरीबोटींत दुचाकी गाड्याहि घेतात. पण शेवाळ्यावर दोन्ही टायर सारखेच घसरतात, म्हणून मुलांनीं खालीं उतरून गाड्या हातानें नेल्या.

बोटींत बसल्यावर आम्हीं हिशेब मांडला. तेरा किलोमीटरांपैकीं बटन टायरांचा खरा उपयोग झाला तो दोनशें पावलें. त्यांनीं धोका वाढविला तो जवळजवळ उरलेल्या सर्व वाटेवर. टायर निवडण्याचें सूत्र यांतच आहे. कारखानदार आपल्या टायरांस ऐंशी-वीस, साठ-चाळीस, पन्नास-पन्नास अशीं नांवें देतात. पहिला आंकडा सडकेचा, दुसरा कच्च्या वाटेचा. हें कोणतें सरकारी प्रमाण नव्हे, ज्याचा त्याचा अंदाज आहे. पण निवडीस उपयोगी पडतो. मुलानें वर्षभर कोठें गाडी चालविली तें आठवून कागदावर लिहावें आणि त्याच प्रमाणाचा टायर घ्यावा. रोजची कचेरी, पावसाळ्यांतील खड्डे, सुटींत एखादा गड आणि त्याच्या पायथ्याची कच्ची वाट असें ज्याचें वर्ष आहे, त्यास ऐंशी-वीसच्या आसपासचा टायर पुरतो. लडाखची सफर वर्षांतून एकदां. मालवणीचा नाका रोजचा.

खरेदीच्या वेळीं टायरच्या बाजूवरील अक्षरें वाचण्याचा वडिलांनीं अवश्य अभ्यास करावा. ९०/९०-२१ असें असेल तर टायरची रुंदी ९० मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा ९० म्हणजे ८१ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास २१ इंच. पुढचें चाक मोठें असलें कीं तें खड्ड्यांत कमी अडकतें, म्हणून या गाड्यांस तें २१ किंवा १९ इंचांचें असतें. त्यापुढें ५४ आंकडा असेल तर तो टायर २१२ किलो भार पेलतो. एस् अक्षर ताशीं १८० किलोमीटर व पी अक्षर १५० किलोमीटर वेगाची मर्यादा दाखवितें. लंबवर्तुळांतील चार आंकडे जन्मपत्रिकेचे समजावे: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानांत वर्षानुवर्षें पडून रबर कडक झालेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. खांचांच्या तळाशीं लहान उंचवटे असतात. झीज तेथवर आली कीं टायरचें आयुष्य संपलें.

यापेक्षांहि महत्त्वाची गोष्ट हवेची. जॉन बॉइड डनलॉप यानें १८८८ सालीं बेल्फास्ट येथें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेचा टायर केला, तेव्हांपासून गाडीचा भार उचलते ती आंतील हवा. रबर तिला कोंडून ठेवतें एवढेंच. म्हणून गाडीच्या पुस्तिकेंत जितके पौंड हवा सांगितली असेल तितकी दर आठवड्यास, टायर थंड असतां, तपासावी. चिखलांत वा दगडगोट्यांत हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो व पकड वाढते. परंतु सडकेवर येतांच ती पुन्हां भरली पाहिजे, नाहींपेक्षां टायर तापतो आणि खड्ड्यांत रिमला मार बसतो. यास्तव हातपंप बरोबर नसेल त्यानें हवा सोडूंच नये. ट्यूब नसलेल्या टायरांत खिळा शिरला तर हवा बहुधा हळूहळू जाते आणि वाटेंतच दोरी भरून छिद्र बुजवितां येतें. ट्यूबच्या टायराची हवा एकदम जाण्याचा संभव अधिक, आणि चाक उतरविल्यावांचून गत्यंतर नसतें. तारांच्या बहुतेक चाकांस ट्यूब लागते, म्हणून दूरच्या प्रवासास निघण्यापूर्वीं चाक काढणें-घालणें मुलानें आपल्या हातानें एकदां तरी करून पाहावें. नव्या टायरची पकड पहिले शंभर-दीडशें किलोमीटर अपुरी असते; तोंवर जपून चालवावें. पैसे कमी पडत असतील तर उत्तम टायर पुढें असावा, कारण वळविणें आणि थांबविणें हीं दोन्ही कामें मुख्यतः तोच करितो.

वेसाव्यास उतरल्यावर भाच्यानें आपण होऊन सांगितलें, कीं बटन टायर काढून ठेवतों आणि पुढच्या उन्हाळ्यांत स्पितीला जातांना बसवितों. आम्हांस हा तोडगा पसंत पडला. मुलांच्या हौसेस नाहीं म्हणून ती जात नाहीं. तिला योग्य वेळ व योग्य वाट दाखविली म्हणजे ती घरास जड होत नाहीं, आणि मुलगा संध्याकाळीं सुखरूप घरीं येतो.