लिस्बनमधील एक निवांत दिवस आणि बुरुजाखालचा गेंडा

आजच्या धाग्यात लढाई नाही, तह नाही. एक सुट्टीचा दिवस आहे आणि एक गेंडा आहे.

लिस्बनमधला तो दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवला होता. हाती वेळापत्रक नव्हते, सोबत मार्गदर्शक नव्हता. सकाळी तेजू नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सियू या भव्य चौकात जाऊन बसलो. तीन बाजूंना पिवळ्या कमानदार इमारती आणि चौथ्या बाजूला थेट नदी. लिस्बनकर आजही या जागेला ‘राजवाड्याचे आवार’ अशा अर्थाच्या जुन्या नावाने ओळखतात. राजवाडा मात्र नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आग यांनी मिळून तो गिळला. हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार पाहणारी ‘काझा दा इंदिया’ ही कचेरी तिथेच होती. तिचे दप्तरही त्या दिवशी गेले. पेशवे दप्तरातले रुमाल ज्याने एकदा तरी उलगडून पाहिले आहेत, त्याला हे नुकसान निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

याच आवारात ३ जून १५१५ रोजी एक विलक्षण झुंज ठरली होती : हत्ती विरुद्ध गेंडा.

आता थोडे मागे जाऊ. १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकले. त्याला पुढे दीव येथे किल्ला हवा होता. १५१४ मध्ये त्याने गुजरातचा सुलतान मुजफ्फरशाह (दुसरा) याच्याकडे वकील धाडले. सुलतानाने किल्ल्याच्या मागणीला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. मात्र रिवाजाप्रमाणे नजराणे दिले आणि त्यांत एक जिवंत गेंडा दिला. नकाराचे इतके वजनदार सांत्वन इतिहासात क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल! अल्बुकर्कने ते धूड आपला राजा मानुएल याच्याकडे रवाना केले. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघालेले जहाज २० मे रोजी लिस्बनला लागले. त्या चार महिन्यांत गेंड्याच्या खाण्यात तांदूळही होता.

रोमन काळानंतर युरोपच्या भूमीवर उतरलेला हा पहिला जिवंत गेंडा मानला जातो. हत्ती आणि गेंडा हे हाडवैरी असतात, असे रोमन ग्रंथकार प्लिनीने लिहून ठेवले होते. राजाला ते पडताळून पाहायचे होते. गेंडा संथपणे पुढे सरकला; गर्दीच्या गोंगाटाने आधीच बिथरलेला तरणा हत्ती झुंज सुरू होण्यापूर्वीच पळत सुटला. प्लिनीची परीक्षा तेवढ्यावरच आटोपली.

दुपारी ट्रामने पश्चिमेला बेलेंला गेलो. तिथे कस्टर्डच्या टार्टसाठी रांग लावण्याचा परिपाठ आहे, तो मीही पाळला. १८३४ मध्ये पोर्तुगालमधील मठ बंद झाले आणि शेजारच्या मठातली ही पाककृती दुकानात आली. १८३७ पासून ते दुकान चालू आहे. टार्टवर दालचिनी भुरभुरून देतात. बेलेंमध्ये दालचिनीही निरागस राहत नाही.

कारण पलीकडेच जेरोनिमुश मठ उभा आहे. त्याचे बांधकाम १५०१ मध्ये सुरू झाले, आणि आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरच्या पाच टक्के करातून त्याला पैसा पुरवला गेला. खांबांवर दगडात कोरलेले दोरखंड आहेत, सागरी वनस्पती आहेत. चर्चच्या दाराशीच एका बाजूला वास्को द गामाची समाधी आणि समोर कवी कामोंइशची. गामा १५२४ मध्ये कोचीत वारला व तिथेच पुरला गेला. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. या दोन्ही समाध्या मात्र एकोणिसाव्या शतकातल्या. पर्यटकांना त्या गामाच्याच काळातल्या वाटतात, आणि तशा त्या वाटाव्यात अशीच त्यांची घडण आहे.

नदीकाठचे ‘शोधांचे स्मारक’ तर त्याहून अलीकडचे. जहाजाच्या नाळेवर राजपुत्र हेन्री, मागे गामा, अल्बुकर्क, सेंट फ्रान्सिस झेव्हियर यांची दगडी रांग. १९४० च्या प्रदर्शनासाठी ते आधी तात्पुरते उभारले होते. १९६० मध्ये सालाझारच्या राजवटीत कायमचे बांधले. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाले. साम्राज्याचे सर्वांत मोठे स्मारक साम्राज्य हातातून निसटत असताना उभे राहावे, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

या गर्दीत मला आवडली ती बेलेंच्या मनोऱ्यावरची एक लहानशी वस्तू. गेंडा आला तेव्हा मनोऱ्याचे काम चालू होते. त्याच्या एका बुरुजीच्या तळाशी, पश्चिमेच्या अंगाला, दगडी गेंड्याचे मस्तक आहे. पाच शतकांच्या वाऱ्यापावसाने ते इतके झिजले आहे की ठाऊक नसेल तर डुक्कर म्हणून सोडून द्यावे. मी शेजारच्या कठड्यावर बसून बराच वेळ ते पाहत राहिलो. शेजारून माणसे मनोऱ्याचे फोटो काढून पुढे जात होती.

तुम्ही पुस्तकात जो पाहिला असेल तो गेंडा निराळा : आल्ब्रेख्त ड्यूररचा. लिस्बनहून न्यूरेंबर्गला एक वर्णन आणि एक रेखाटन पोहोचले, आणि प्राणी न पाहताच त्याने १५१५ मध्ये लाकडी ठशाचे चित्र केले. अंगावर चिलखताचे पत्रे, खांद्यावर एक आगाऊ शिंग. सव्वादोनशे वर्षे युरोपने गेंडा म्हणून बहुधा तेच मानले. बेलेंच्या पाथरवटाचे काम ओबडधोबड खरे. पण त्याच्या गावात तो प्राणी प्रत्यक्ष उतरला होता.

मानुएलने मग तो गेंडा पोप दहावा लिओ याला भेट म्हणून धाडला. गळ्यात फुलांनी सजवलेला हिरव्या मखमलीचा पट्टा होता. वाटेत, जानेवारी १५१६ मध्ये, मार्सेलजवळच्या बेटावर फ्रान्सच्या राजाने त्याला पाहिले. त्यानंतर इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडाले. गेंडा पोहू शकतो; हा साखळदंडांनी बांधलेला होता.

गोव्याहून त्याच्यासोबत एक रखवालदार आला होता. पोर्तुगीज उच्चारात त्याचे नाव ‘ओसेम’ असे उतरले आहे, आणि प्राण्याचे ‘गंडा’. म्हणजे आपलाच गेंडा. नदीकाठच्या त्या दगडी रांगेत ओसेम नाही.