तोंडचे पाणी

आपल्या भाषेने लाळेवर मोठा अन्याय केला आहे. कुणी खुशामत करू लागला की आपण त्याला लाळघोट्या म्हणतो. चिंचेच्या नावाने तोंडाला पाणी सुटते तेव्हाही सारे श्रेय चिंचेला! लाळेची आठवण होते ती तोंडचे पाणी पळाल्यावरच. आणि हा वाक्प्रचार किती शब्दशः खरा असू शकतो, ते मला गेल्या वर्षी कळले.

घशाच्या कर्करोगावर मी किरणोपचार घेत होतो. आठवड्यातून पाच दिवस, असे सात आठवडे. तिसऱ्या आठवड्यात लाळ दाट नि चिकट झाली, आणि पुढे आटलीच. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की कानांपुढे, जबड्याखाली नि जिभेखाली लाळेच्या ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. निरोगी माणसाला त्या दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ पुरवतात. किरण पडतात रोगावर, पण झळ ह्या शेजाऱ्यांनाही लागते. आजची यंत्रे त्यांना शक्य तितके सांभाळून घेतात, पण रोगच अगदी शेजारी असला तर यंत्र तरी काय करणार!

मग एकेक गोष्ट उमगत गेली. भाकरीचा घास तोंडात नुसता फिरत राही. पदार्थ विरघळल्याखेरीज जिभेला त्याची चव कळत नाही, आणि विरघळवणारी तर रजेवर गेलेली! बोलताना जीभ टाळूला चिकटे. रात्री तीनतीनदा जाग येई. दातांनाही राखणदार उरला नाही, म्हणून दंतवैद्यांनी फ्लोराइडचा लेप नेमून दिला.

घराने मात्र ही टंचाई मोठ्या हुशारीने निभावली. माझ्या उशाशी तांब्या-भांडे आले. ताटात मऊ भात, पातळ वरण नि वर तूप, तिखटाला रजा. पाण्यात खायचा सोडा नि चिमूटभर मीठ घालून मी दिवसातून कितीदा तरी चुळा भरी. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बिनसाखरेचे च्युइंग गमही चघळू लागलो. ते पाहून नातू म्हणाला, "आजोबा, आमच्या बाईंनी तुम्हांला बाकावर उभं केलं असतं!"

माझी आजी भाकरीबरोबरच्या पातळ कालवणाला 'कोरड्यास' म्हणे. कोरड्या घासाला सोबत, ते कोरड्यास. भेटायला येणारे पुष्कळ असत, धीराच्या गोष्टीही पुष्कळ सांगत. पण बोलता बोलता माझा शब्द अडला की न विचारता पाण्याचे भांडे पुढे सरकवणारी आमची ही, तिच्याकडे पाहिले की आजीचा तो शब्द आठवे. मायेला आपण ओलावा का म्हणतो, हे मला निराळे कुणी शिकवायला नको.

दिवाळीचा फराळ म्हणजे सारा कोरडा कारभार. चिवडा, शंकरपाळे, टाळूला चिकटणारा बेसनाचा लाडू! गेल्या वर्षी मी ताटाला नुसता हात लावला. लाळ हळूहळू परतते, पण सगळी परतेलच असे नाही, असे डॉक्टर म्हणतात. यंदा हिने चकली दह्यात भिजवून द्यायचे ठरवले आहे. परवा ती चकलीची भाजणी भाजत होती. तो खमंग वास माजघरापर्यंत आला, आणि जिभेखाली थेंबभर ओल जाणवली.

भाषा काहीही म्हणो. मी ती लाळ मोठ्या आदराने घोटली.