डबल म्हणजे सिंगल?

एक्सेलचे फॉर्म्युले चुटकीसरशी सोडवणारी माणसं क्रोशाच्या पॅटर्नपुढे गार पडतात. 'सीएच ३, डीसी इन नेक्स्ट २' ही भाषा शाळेत शिकवलीये कुणी?

ताईचं पहिलं बाळंतपण सोलापूरला, माहेरी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईने सुई हातात घेतली नव्हती. पण बाळंतविड्यातलं झबलं तीच करणार होती. "फक्त उसवायला लावू नकोस, दुसऱ्यांदा डोळे साथ देणार नाहीत." हात तिचे, इंग्रजी माझं. लोकर बादच होती. इथे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात बाळाला लोकर? चादरी-टॉवेलच्या गावात सुती दोराच बरा.

मी वाचलं, "डबल क्रोशे." आईने विचारलं, "सुईवर वेढा घ्यायचा का नाही?"

प्रश्न एकदम बरोब्बर! कारण उत्तर देशावर ठरतं. अमेरिकन 'डबल' म्हणजे वेढा घेऊन केलेला आपला खांब. ब्रिटिश 'डबल' म्हणजे बिनवेढ्याचा मुका खांब, ज्याला अमेरिकेत 'सिंगल' म्हणतात. मुका खांब कितीतरी बुटका. म्हणजे गल्लत झाली की झबलं एक तर बाहुलीचं, नाही तर थेट बालवाडीतल्या पोरीचं. आपल्या बायकांनी दिसतं तेच नाव दिलं, सुटल्या!

मग पॅटर्न कुठला हे ओळखायचं कसं? 'सिंगल क्रोशे' दिसलं की अमेरिकन, ब्रिटिश पद्धतीत या नावाचा टाका नसतोच. 'स्किप' अमेरिकन, 'मिस' ब्रिटिश. 'गेज' अमेरिकन, 'टेन्शन' ब्रिटिश (विणीचं, तुमचं नव्हे). यातलं काहीच सापडलं नाही, तर ओळीची सुरुवात बघा. ३ साखळ्या घालून त्या पहिला टाका म्हणून मोजायला सांगितल्या असतील, तर पुढचे खांब. १ साखळी असेल, तर बहुधा मुके.

आमचा अमेरिकन निघाला. मग कंसांनी छळलं. '५६ (६४, ७२)' म्हणजे तीन मापांचे टाके. पण '(२ डीसी, सीएच १, २ डीसी)' म्हणजे कंसातलं सगळं एकाच घरात. मी आमच्या मापाच्या आकड्यांभोवती लाल गोल केले. प्रत्येक ओळीनंतर आई टाके मोजायची, मी पडताळायचे. उसवावं लागलं नाही.

आईने प्रिंटआउटच्या मागे सगळं पुन्हा लिहून काढलं : कोपऱ्यात २ खांब, १ साखळी, २ खांब. शेजारच्या काकू तोच कागद झेरॉक्सला घेऊन गेल्यात. पाठपोट नको म्हणाल्या, एकच बाजू पुरे.