आमचें खेडचें हायस्कूल

खेड या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत. पुण्याच्या उत्तरेस भीमेच्या कांठीं एक खेड होतें. हुतात्मा राजगुरूंचें तें जन्मस्थान असल्यामुळें त्यास आतां राजगुरुनगर म्हणतात. आम्हांस जें खेड सांगावयाचें आहे तें रत्नागिरी जिल्ह्यांतलें, जगबुडी नदीच्या कांठचें. पूर्वेस सह्याद्रीची उभी भिंत. तिच्या अलीकडे रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड या तीन किल्ल्यांची रांग. आणि तेथून पश्चिमेकडे उतरत गेलेल्या टेकड्यांमधील खोलगटांत आमचें हें गांव वसलें आहे.

या गांवच्या हायस्कुलांत शिकून बाहेर पडलेले आम्ही कांहीं जुने विद्यार्थी मुंबईपुण्यास अधूनमधून एकत्र जमतों. आमच्यांत ऐंशी उलटलेले आहेत, तसेच नुकतीच पन्नाशी गांठलेलेहि आहेत. शाळेचें नांव आम्ही मुद्दामच घालीत नाहीं. खेडांत आतां एकाहून अधिक हायस्कुलें आहेत. ज्यानें त्यानें आपापल्या शाळेचें नांव येथें घालून वाचावें. गुरुजन निराळे असतील, पण नदी, बाजार आणि पाऊस हीं सर्वांचीं सारखींच होतीं.

आज तालुक्याच्या गांवीं हायस्कूल असणें ही गोष्ट आपणांस स्वाभाविक वाटते. पूर्वीं तशी स्थिति नव्हती. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचा जन्म याच खेड तालुक्यांतील शेरवली या आजोळच्या गांवीं १८ एप्रिल १८५८ रोजीं झाला. त्यांचें बाळपण दापोलीजवळच्या मुरुडास गेलें. सरकारी परीक्षेस बसण्याकरितां हा मुलगा मुरुडाहून साताऱ्यास पायीं गेला. वाट शंभर मैलांहून अधिक, आणि मध्यें सह्याद्रीचा घांट! इतकें करून साताऱ्यास पोंचल्यावर परीक्षकांनीं त्याच्या लहानखुऱ्या देहाकडे पाहून वय कमी ठरविलें आणि त्यास परत पाठविलें. पुढें ज्या पुरुषानें १९१६ सालीं स्त्रियांकरितां विद्यापीठ स्थापन केलें, त्याला विद्येच्या दारावरून असें एकदां फिरावें लागलें होतें. आमच्या लहानपणीं वडील मंडळी ही गोष्ट आम्हांस सांगत, ती बहुधा आम्ही शाळेस जाण्याचा कंटाळा केला म्हणजे.

खेडाच्या पंचक्रोशींतील मुलांना पुष्कळ वर्षें इंग्रजी शिक्षणासाठीं दापोलीचा आधार होता. तेथील मिशनच्या हायस्कुलांतून पांडुरंग वामन काणे १८९७ सालीं मॅट्रिक झाले. धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिणारे भारतरत्न काणे ते हेच. पालगडचे साने गुरुजीहि त्याच शाळेचे विद्यार्थी. सुटी लागली कीं दापोलीहून पालगडपर्यंत चालत घरीं येणारा मुलगा ‘श्यामची आई’ वाचणाऱ्या प्रत्येक घरांत ठाऊक आहे. खेडास स्वतःचें हायस्कूल झालें तेव्हां या पायपिटीचा शेवट झाला असें मात्र नव्हे. ती थोडी आंखूड झाली इतकेंच.

कारण आमच्या वर्गांत गांवांतलीं मुलें जेवढीं, तेवढींच भोवतालच्या वाड्यांवरून येणारीं. भरणें, भोस्तें हीं गांवें तशीं जवळचीं. पण डोंगराच्या कुशींतील वाड्यांचीं मुलें पहांटेस निघत. एका हातांत पाटी-दप्तर, दुसऱ्यांत भाकरीचें फडकें, पावसाळ्यांत डोक्यावर इरलें किंवा घोंगडीची खोळ. वहाळावर साकव असला तर ठीक; नसला तर पाणी ओसरेपर्यंत कांठावर बसून राहावयाचें. पावसाळ्यांत पटावर ‘गैरहजर’ असा शेरा पडे त्यांतले निम्मे पलीकडच्या कांठावर बसून शाळेच्या घंटेकडे कान लावून असत. हें मास्तरांनाहि ठाऊक असे, आणि म्हणून त्या दिवसांत दंड होत नसे.

दूरच्या मुलांची सोय गांवांतील घरांत होई. आमच्यांतील वडीलधाऱ्यांनीं वार लावून जेवण्याचे दिवस पाहिले आहेत. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असे सात घरचे सात वार. कोणाच्या घरीं आमटी तिखट, कोणाच्या घरीं ताक आंबट, याचा हिशेब मुलें व्याकरणाच्या नियमांपेक्षां पक्का ठेवीत. घरांतील माउली आपल्या चार मुलांच्या पंक्तीस परक्याचें एक पान मांडी, तेव्हां त्यांत उपकाराची भाषा नसे. ‘‘बाळ, भात घे आणखी, उद्यां परीक्षा ना तुझी?’’ एवढेंच ती म्हणे. परंतु त्या पानाला मर्यादाहि होती, हें आज सांगितलें पाहिजे. वाराचें पान जातीबाहेर सहसा जात नसे. वर्गांत मात्र एकाच बांकावर ब्राह्मणाचा, कुणब्याचा, कोंकणी मुसलमानाचा, गुजर व्यापाऱ्याचा आणि बौद्धवाडीचा मुलगा शेजारीं शेजारीं बसत. जें घराच्या पंक्तींत घडलें नाहीं, तें बांकावर घडलें. आमच्या मतें त्या शाळेनें आम्हांस दिलेलें सर्वांत मोठें शिक्षण तें हेंच.

बाकीचें शिक्षण त्या काळच्या सर्व शाळांसारखें. भांडारकरांचीं संस्कृत पुस्तकें, तर्खडकरांची भाषांतरपाठमाला, आणि इंग्रजी उच्चारांवर मालवणी-चिपळुणी हेलांची दाट छाया. आमच्यांतील सर्वांत वडील मंडळींच्या घरांत मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकचा दरारा होता. १९४९ सालीं त्या जागीं एस्.एस्.सी. परीक्षा आली, आणि पुढें अकरावीची ही परीक्षा दहावीवर आली. नांवें बदललीं, निकालाच्या दिवशीं देवापुढें साखर ठेवण्याची रीत मात्र बदलली नाहीं.

शाळा सुटली म्हणजे गांव सुरू होई. जगबुडी पुढें वाशिष्ठीस मिळते आणि दोघींचें पाणी दाभोळच्या खाडींतून समुद्रास जातें. या मार्गानें एके काळीं हलके मचवे भरतीच्या पाण्यावर थेट खेडापर्यंत चढत. आमच्यांतील वृद्धांना बंदरावर उतरणाऱ्या मालाची गडबड आठवते. त्यांच्याहून लहान असलेल्यांना त्याच जागीं केवळ गाळ आठवतो. बाजारांत वाण्याच्या दुकानाबाहेर सुपारीचा वास, तीनबत्ती नाक्याशीं उभ्या गाड्या, आणि एस्.टी. सुटल्यावर रस्त्यावर मागें राहिलेला लाल धुरळा यांत आमची संध्याकाळ जाई. भरण्याच्या काळकाईस परीक्षेपूर्वीं नारळ बोलून ठेवणारे आमच्यांत पुष्कळ होते. नारळ फोडावयास विसरणारेहि थोडे नव्हते.

गांवाच्या पूर्व अंगास खडकांत कोरलेलीं लहानशीं बौद्ध लेणीं आहेत. आंत एक स्तूप आहे. अजिंठा-कार्ल्याचा थाट येथें नाहीं, म्हणून प्रवासी तिकडे फारसा फिरकत नाहीं. आम्हांस तीं लेणीं म्हणजे दुपारच्या उन्हांतील थंड जागा, आणि पाठांतराची खोली. आंत म्हटलेली शब्दरूपें घुमून परत येत, त्यामुळें आपलें पाठांतर आहे त्याहून चांगलें वाटे. घांटमाथ्यावरून बंदराकडे उतरणाऱ्या वाटांवर व्यापारी आणि भिक्षु यांची ये-जा होती, म्हणून अशा जागीं लेणीं कोरलीं गेलीं, हें पुढें मोठेपणीं वाचनांत आलें. म्हणजे दोन सहस्रकांपूर्वींहि हें गांव वाटेवरचेंच होतें. माणसें येथें येत, क्षणभर टेकत, आणि पुढें जात.

नदीचें नांव जगबुडी. नांवांतच ताकीद आहे. हल्लीं तिच्या पाण्याची इशारा-पातळी ५ मीटर आणि धोक्याची पातळी ७ मीटर धरतात, आणि आंकडे लोकांना घरबसल्या कळतात. आमच्या वेळीं मोजमाप डोळ्यांनीं होई. पाणी अमुक पायरीवर आलें कीं नदीपलीकडच्या मुलांना सोडावें, तमुक पायरीवर आलें कीं बाजारांतील पोतीं माळ्यावर चढवावीं. निसर्गाचा दुसरा धडा आम्हांपैकीं कित्येकांनीं ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटेस घेतला. सह्याद्रीपलीकडे कोयनानगरास भूकंप झाला, दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं, आणि अलीकडे आमच्या घरांचीं कौलें खडखडलीं. अंधारांत अंगणांत उभ्या राहिलेल्या मुलांना भूगोलाचें पुस्तक त्या दिवसानंतर निराळें दिसूं लागलें.

परीक्षा झाली कीं वाटा फुटत. कोणी दाभोळास जाऊन बोट धरली, कोणी कशेडीच्या घांटानें एस्.टी.तून ओकाऱ्या सोसत मुंबई गांठली. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाल्यावर धाकट्यांना खेड स्टेशनावरच गाडी मिळूं लागली. साधनें बदललीं, पण दिशा एकच राहिली. गांवांत मनिऑर्डर येई, आणि मनिऑर्डर पाठविणारा गणपतीस व शिमग्यास चार दिवस येई. शिक्षणाचें फळ म्हणजे गांव सोडणें, हें कोणीं शिकविलें नाहीं. तें आपोआप समजलें गेलें.

आमच्यांतील एक वर्गबंधु मात्र मागें राहिला. वडिलांचें दुकान त्यानें चालविलें. २६ जुलै २००५ चा पूर त्यानें पाहिला, आणि २२ जुलै २०२१ चाहि. त्या दुसऱ्या वेळीं चिपळुणाप्रमाणेंच खेडच्या बाजारांतहि पाणी शिरलें. तालुक्यांतील पोसरें येथें दरड कोसळून १७ माणसें गाडलीं गेलीं. पुढें आम्ही भेटीस गेलों. नेहमींप्रमाणें मास्तरांच्या लकबी, वाराचीं घरें, लेण्यांतील घुमणारे शब्द असें बोलणें रंगलें. तो ऐकत होता. मग शांतपणें म्हणाला, ‘‘तुम्हां सर्वांचें बरें आहे. आठवणी तुमच्याजवळ, चिखल आमच्याजवळ.’’

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, पण तें वाक्य आम्हां सर्वांबरोबर मुंबईपुण्यास आलें. त्यावर आमच्यांत वादहि झाला. कोणी म्हणाले, शाळेनें आम्हांस बाहेर पाठविलें नसतें तर आमच्या भावंडांचीं शिक्षणें कोणी केलीं असतीं? तें खरेंच आहे. कित्येक एकत्र कुटुंबांचा डोलारा एका मुलाच्या मुंबईच्या पगारावर उभा राहिला. दुसरे म्हणाले, शाळेला मुलें वाड्यांनीं दिलीं. वाड्यांना परत काय मिळालें? तेंहि खरेंच. आज कोंकणांतील अनेक वाड्यांवरच्या प्राथमिक शाळांत मुलांची संख्या इतकी घटली आहे कीं त्या चालू कशा ठेवाव्या हाच प्रश्न पडतो. जी वाट आम्ही शाळेंत शिकलों, तीच पुढें शाळा रिकामी करूं लागली.

वाद मिटला नाहीं. परंतु एक गोष्ट ठरली. पुरानंतर वह्या, शब्दकोश आणि प्रयोगशाळेचें कांहीं सामान पाठविलें, तेवढ्यावर थांबावयाचें नाहीं. दर वर्षीं स्नेहसंमेलनाच्या सुमारास आमच्यांतील कोणी तरी शाळेंत जावें आणि नववी-दहावीच्या मुलांशीं आपल्या धंद्यासंबंधानें बोलावें. पहिल्या खेपेस आम्हांपैकीं एका अभियंत्यास पाठविलें. दुसऱ्या खेपेस आम्हीं बाहेरचा कोणी न पाठवितां त्या दुकानदार वर्गबंधूसच उभें केलें. तो तासभर बोलला. पाणी केव्हां चढतें, माल कसा वाचवावा, उधारी कशी लिहावी, दापोलीच्या कृषि-विद्यापीठांतून आंब्याकाजूंच्या कलमांची माहिती कशी मिळवावी, लोट्याच्या कारखान्यांत कोणतें शिक्षण उपयोगी पडतें, हें सर्व त्यानें सांगितलें. मुलांनीं अभियंत्यास दोन प्रश्न विचारले होते. याला तीस विचारले.

वाचकहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असें एखादें जुनें हायस्कूल भिंतीवरील छायाचित्रांत असेल. मागच्या रांगेंत उभे राहिलेल्यांपैकीं जे अजून त्या गांवांत आहेत, त्यांना एक पत्र घालावें, आणि आठवणींबरोबर यंदा पाणी कोठवर चढलें होतें तेंहि विचारावें.