यंत्राची हांक

आमच्या घरीं यंत्रमागांचा हिशेब ठेवण्यासाठीं एक जुना संगणक आहे. सोलापूरच्या पूर्वभागांत ज्यांचे माग आहेत, त्यांस मजुरी वांटण्याचा दिवस कसा असतो हें सांगावयास नकोच. कोणीं किती नग विणले, कोणाची उचल किती, हें सर्व त्या यंत्राच्या पोटांत. त्यावर मामांनीं ओपनबीएसडी ही प्रणाली घातली होती. थिओ डी राट यांनीं १९९५ सालीं आरंभिलेली ही युनिक्सच्या कुळांतील प्रणाली विनामूल्य मिळते, आणि वडिलांस तिचा हाच गुण विशेष पसंत पडला.

उन्हाळ्यांत त्या संगणकाचा पडदा अंधुक होत चालला. नवा घेण्यास वडील तत्काळ राजी नव्हते, तेव्हां मामांनीं एक युक्ति सांगितली. यंत्राच्या पाठीस नऊ पिनांचें एक दार असतें; त्यास सिरियल पोर्ट म्हणतात. त्यास तार लावून दुसरें टोंक लॅपटॉपला जोडलें, कीं यंत्राचें बोलणें तेथें वाचतां येतें. तार मात्र तिढ्याची हवी. एकाची बोलण्याची पिन दुसऱ्याच्या ऐकण्याच्या पिनेस मिळाली पाहिजे, नाहींतर दोघेही बोलतात आणि ऐकत कोणीच नाहीं. (आमच्या वर्गांत असें पुष्कळदां घडतें.)

यंत्र सुरू होतांना 'बूट' असें लिहून पांच सेकंद थांबतें. तेवढ्यांत 'सेट टीटीवाय कॉम०' अशी आज्ञा दिली, कीं त्याची वाचा पडद्यावरून तारेवर जाते. 'पीसी०' म्हटलें, कीं पुनः पडद्यावर येते. 'टीटीवाय' हीं अक्षरें दूरमुद्रकाचीं आहेत. १९६९ सालीं केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं बेल प्रयोगशाळेंत युनिक्सचा आरंभ केला. त्या काळचें 'टेलिटाइप ३३' हें यंत्र सेकंदास दहा अक्षरें खडखडाट करीत कागदावर उमटवी. आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. तिच्या या भाऊबंदाचें नांव मात्र अजून चालूं आहे.

ती आज्ञा मीं 'बूट.कॉन्फ' या फाइलींत कायमची लिहून ठेविली. पुढें नवा पडदा आला, मामा आपला लॅपटॉप घेऊन गेले, आणि पडद्यावर लॉगिन नेहमींप्रमाणें येत असल्यामुळें ती ओळ मी साफ विसरलों.

मजुरीच्या आदल्या सायंकाळीं वीज गेली. परत आली तेव्हां पंखा फिरे, दिवा लागे, दोन ओळी चमकून जात, आणि मग सर्व काळें. दुरुस्तीवाल्यास बोलाविलें. डिस्क गेली, सर्व पुसावें लागेल, असें सांगून तो निघून गेला. हिशेबाची नक्कल काढण्याचें काम माझ्याकडे होतें, आणि तें मी तीन महिने पुढें ढकलीत आलों होतों. वडील रागावले नाहींत. त्यांनीं कोरी वही काढली व आठवतील तीं नांवें लिहूं लागले. तें पाहणें मला रागापेक्षां कठीण गेलें.

रात्रीं मीं यंत्र पुनः सुरू केलें. चमकणाऱ्या ओळींत या खेपेस 'कॉम०' हीं अक्षरें दिसलीं, आणि मी तसाच शेजारच्या मित्राकडे लॅपटॉप मागावयास धांवलों. तार माझ्या खणांत होतीच. प्रथम नुसतीं वेडींवांकडीं चिन्हें आलीं. लॅपटॉपची गति १,१५,२०० ची होती आणि यंत्राची ९६०० ची. ती जुळवून यंत्र पहिल्यापासून सुरू केलें, तेव्हां ओळींमागून ओळी सरळ उमटूं लागल्या. शेवटीं यंत्र इंग्रजींत म्हणत होतें: फाइलींची आपोआप होणारी तपासणी फसली, साह्य करा! कोणी वाचणार नाहीं अशा तारेच्या दारांतून तें सायंकाळपासून हांक मारीत होतें.

'एफएससीके' या तपासणीच्या आज्ञेस वीस मिनिटें लागलीं. ती संपल्यावर 'एक्झिट' लिहिलें, तों पडद्यावर लॉगिन आलें. वडील वही मिटून उठले आणि माझ्यामागें येऊन उभे राहिले. दोन कामगारांच्या त्या दिवसाच्या नोंदी तेवढ्या सांपडल्या नाहींत. सकाळीं त्यांनीं सांगितलेले नग वडिलांनीं तसेच धरले.

'बूट.कॉन्फ'मधील ती ओळ मीं त्याच रात्रीं काढून टाकली. तार मात्र यंत्राच्या पाठीस लावूनच ठेविली आहे, आणि दर शनिवारीं हिशेबाची नक्कल काढली कीं नाहीं हें वडील जेवतांना विचारतात.